घरचा कॅमेरा आणि घरचा आवाज

आमच्या बाग सेवनियाच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सोने-नाणे नाही, जमिनीचे कागदही नाहीत. आठ मिलिमीटरच्या फिल्मचे एक लहानसे रीळ, व्हीएचएसच्या दोन जाड्या कॅसेट, व्हिडिओ-एटच्या तीन छोट्या कॅसेट आणि रबरबँडने बांधलेल्या पावत्या, एवढाच ऐवज. साठएक वर्षांत आमच्या घराने ‘आपली माणसे टिपून ठेवावी’ म्हणून जी धडपड केली, तिचा हा सारा दप्तरखाना.

गेल्या वर्षी माझ्या आत्याने चौऱ्याऐंशी पूर्ण केली. तिचे बोलणे चांगल्या प्रतीने उतरवून ठेवावे, असे फार दिवस मनात होते. त्यासाठी कॅमेरा घ्यायचा ठरवून मी दुकानांचे उंबरे झिजवू लागलो. दुकानदार फोर-केची महती सांगे, जावई सेन्सरची, नातू म्हणे फोन काय वाईट आहे? चार ठिकाणी चार मते ऐकून डोके भणभणले, तेव्हा एका दुपारी शिडी लावली आणि ती पेटी खाली काढली. म्हटले, आधी आपल्या घराने आजवर काय निवडले आणि त्यातून काय पदरात पडले ते तर पाहू. कॅमेऱ्याच्या निवडीचा हा इतिहास मग घरापुरता राहिला नाही. मागे मागे जात थेट १८९९ सालापर्यंत पोहोचला.

वाचकांना आमची थोडी ओळख करून द्यायला हवी. तुम्ही सीमेवर राहता, आम्ही सीमेच्या पलीकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि तिथे हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे फायलींच्या मागोमाग भोपाळला आली. माझे आजोबा त्यांतलेच एक कारकून. महालातल्या वाड्यातून निघून जी. टी. एक्सप्रेसने बिऱ्हाड इकडे आले. पुढे वडील हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले आणि निवृत्तीच्या सुमारास त्यांनी भेलच्या वसाहतीजवळ, बाग सेवनियात घर बांधले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, अशी आमची दोन पिढ्या चालली. तिसऱ्या पिढीत हिंदी फाटकातून आत आली, आणि चौथी पिढी मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. सीमाभागातल्या घरांना हे निराळे सांगायला नको.

असो. आता १८९९ सालाकडे वळू.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. तो खेळ पाहून ज्यांना स्वस्थ बसवेना त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांनी इंग्लंडहून २१ गिनी मोजून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. १८९९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी दोन पैलवानांची कुस्ती टिपली आणि फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे मुंबईत स्वागत झाले, तेही त्यांनी टिपले. एका मराठी माणसाने पदरचे पैसे घालून, आपल्याच माणसाच्या कौतुकासाठी चालवलेला हा कॅमेरा. त्याला घरगुती म्हणता येणार नाही, पण त्यामागची ऊर्मी घरगुतीच होती.

खऱ्या अर्थाने घरात कॅमेरा आणला तो दादासाहेब फाळक्यांनी. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विमा पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांच्याशी त्यांची ओळख झाली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते तेही त्यांनी पाहून घेतले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि धुण्या-छापण्याची सामग्री यांची व्यवस्था करून एप्रिलमध्ये ते परतले. सामान आल्यावर पहिली परीक्षा त्यांनी घेतली ती बायकोमुलांची चित्रे टिपून. मग कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे एकेक चित्र रोज घेत महिनाभरात रोपाचा चित्रपट तयार केला. तो सावकारांना दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. सरस्वतीबाई फिल्मला अंधारात भोके पाडून देत. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, पण त्याआधी दादरच्या त्या घरात बायको, मुले आणि वाटाण्याचे रोप यांचे चित्रण झाले होते, हे विसरू नये.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची कथा आणखी वेगळी. त्यांना विलायती कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी तो इथेच घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला. तो १९२० साली पडद्यावर आला. एकाने कॅमेरा मागवला, दुसऱ्याने जाऊन आणला, तिसऱ्याने घरीच केला. निवडीच्या या तिन्ही तऱ्हा मराठी माणसाने वीसएक वर्षांत करून पाहिल्या.

पण या तिन्ही कॅमेऱ्यांत एक गोष्ट नव्हती: आवाज. रँग्लर परांजपे स्वागताला काय उत्तर देत होते, सरस्वतीबाई मुलांना काय सांगत होत्या, ते कुठेच उतरले नाही. मूकपटाला भाषा नसते. तो कोल्हापुरात लावा की कलकत्त्यात, पाट्या बदलल्या की झाले. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपट आणला आणि पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने कोल्हापुरात तीच हरिश्चंद्राची कथा बोलपट म्हणून काढली. त्या वेळी एक नवाच प्रश्न उभा राहिला: हरिश्चंद्राने बोलायचे कुठल्या भाषेत? ‘प्रभात’ने ती कथा मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आणि हिंदीत ‘अयोध्या का राजा’ अशी दोनदा चित्रित केली. कॅमेऱ्याला भाषेची गाठ पडली ती अशी, आवाज आल्यावर. दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे. चेहरा चित्रात उतरतो. मराठी उतरते ती आवाजात.

आता पेटीकडे येतो.

पेटीतले आठ मिलिमीटरचे रीळ १९६८ सालचे, काकाच्या लग्नातले. घरगुती चित्रणासाठी कोडॅकने १९३२ साली ही पद्धत काढली, कारण सोळा मिलिमीटरची फिल्म सामान्य माणसाला महाग पडे. पंचवीस फुटांची फिल्म एकदा एका बाजूने आणि मग उलटून दुसऱ्या बाजूने चालवायची; साऱ्याची मिळून चारेक मिनिटे होत. वडिलांच्या कारखान्यातल्या एका स्नेह्याने तो कॅमेरा आणला होता. त्या चार मिनिटांत अर्धे मिनिट आजोबा आहेत. पंगतीच्या टोकाला उभे राहून, नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना ते काहीतरी सांगत आहेत. हात हलतो, ओठ हलतात, समोरचे हसतात, एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसतात. आजोबा १९७१ मध्ये गेले. ते त्या दिवशी काय बोलले हे आम्हा नातवंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. चित्र मात्र आजही असे स्वच्छ आहे की कोटाची गुंडी मोजता यावी.

व्हीएचएसची पहिली कॅसेट १९८६ च्या दिवाळीतली. अमेरिकेहून आलेल्या नातलगांनी खांद्यावरचा मोठा कॅमेरा आणला होता. आजी, फराळ, रांगोळी सगळे चार दिवस टिपले. पाहुणे कॅमेरा घेऊन परत गेले आणि कॅसेट प्रेमाने आम्हाला दिली. शेजारच्या व्हीसीआरमध्ये ती घातली तर चित्र वरखाली धावू लागले, रंग उडाले आणि आजीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जाडा, रेंगाळता. कारण साधे होते. अमेरिकेतली पद्धत एनटीएससी, ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे तीस चित्रे. आपली पाल, ६२५ रेषांची, सेकंदाला पंचवीस. कॅसेटची पेटी तीच, आतली भाषा दुसरी. त्यात आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची आणि तो कॅमेरा साठच्या ठेक्याचा, त्यामुळे ट्यूबलाइटखालचे चित्र लुकलुकत होते. पुढे दोन्ही पद्धती चालवणारे यंत्र मिळाले तेव्हा कॅसेट पाहता आली, पण लुकलुक चित्रातच असल्याने ती गेली नाही.

दुसरी कॅसेट १९९१ ची, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची. ही मात्र मी कधी पूर्ण पाहू शकत नाही. आजीने नातीसाठी स्वतः मंगलाष्टके रचली होती आणि त्या वयात उभी राहून म्हटली होती. चित्रण करणाऱ्याने हौसेने साऱ्या कॅसेटवर हिंदी सिनेमातली गाणी भरून दिली. अंतरपाटाजवळ आजी दिसते, मान किंचित वर करून गाते आहे, आणि ऐकू येतो एका नटाच्या तोंडचा प्रसिद्ध आवाज. आम्ही धावत गेलो, मूळ आवाज परत आणता येईल का म्हणून विचारले. आला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

वाचकहो, यात त्या माणसाचा दोष थोडा आणि यंत्राच्या रचनेचा जास्त, हे मला फार पुढे कळले. साध्या व्हीएचएसमध्ये चित्र आणि आवाज एकाच फितीवर पण निरनिराळ्या रीतीने उतरतात. चित्र उतरवणारी डोकी वेगाने गरगर फिरतात, म्हणून चित्र बरे येते. आवाज मात्र फितीच्या काठावरच्या बारीक पट्टीत, जागच्या जागी बसलेल्या डोक्याने उतरतो. गाण्याची साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. आपल्या पद्धतीची व्हीएचएस फक्त २.३४. म्हणजे हजारो रुपयांच्या यंत्रात आजीचा आवाज टेपरेकॉर्डरच्या निम्म्या वेगाने उतरत होता. शिवाय ती काठावरची पट्टी वेगळी असल्याने चित्राला धक्का न लावता आवाज तेवढा पुसून दुसरा भरता येई. या सोयीला ऑडिओ डब म्हणत आणि ती गुण म्हणून जाहिरातीत सांगत. आमच्या आजीची मंगलाष्टके त्या सोयीत गेली. शब्द तिच्या वहीत आहेत, चाल नाही.

त्या अनुभवाने वडील शहाणे झाले. १९९६ साली आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी कॅमेरा घ्यायला ते निघाले तेव्हा मी सोबत होतो. दुकानदार लहान व्हीएचएसचा आग्रह धरत होता: कॅसेट खोबणीत घालून घरच्या व्हीसीआरवर सरळ पाहता येईल. दुसरीकडे सोनी वगैरे कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास आणलेली व्हिडिओ-एट पद्धत होती. तिची कॅसेट तळहातावर मावेल एवढी, पण पाहायची तर कॅमेराच टीव्हीला जोडायला हवा. वडील आयुष्यभर यंत्रांत वावरलेले. त्यांनी चित्राकडे पाहिलेच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांसमोर सहा हातांवर उभे राहून त्यांनी तेच एक वाक्य म्हटले, मग कानाला हेडफोन लावून दोन्ही ऐकले आणि व्हिडिओ-एट घेतला. त्या पद्धतीत आवाजही चित्राबरोबर त्याच फिरत्या डोक्यांनी उतरतो, म्हणून तो स्वच्छ येतो. तो चित्रात मिसळलेला असतो, म्हणून मागाहून कोणी पुसून गाणी भरू शकत नाही. वडिलांनी हे दुकानदाराला समजावून सांगितले. तो म्हणाला, “बाबूजी, आजतक किसी ने आवाज़ नहीं पूछी.”

त्या कॅमेऱ्यावर आजी चाळीस मिनिटे बोलली. १९५६ चा प्रवास, गाडीत सोबत घेतलेला पाटा-वरवंटा, ‘भोपाळात भेटते की नाही कोण जाणे’ म्हणून; इटारसीच्या फलाटावर मराठी बोलणारा हमाल भेटला म्हणून झालेला आनंद. तिचे ते ‘काहून’, ‘बोलून राहिली’, ‘बसून राहिला’ हे सारे तसेच्या तसे उतरले.

पण दैव पाहा. वडील गेल्यावर २०११ साली त्या कॅसेट काढल्या तर कॅमेरा मेलेला. भोपाळच्या तेरा-चौदा पावसाळ्यांनी फितीवर पांढरी बुरशी धरलेली. सहा महिने शोधल्यावर एका नातलगांकडे तशाच पद्धतीचा जुना कॅमेरा मिळाला, एका कारागिराने फिती जपून साफ केल्या आणि तीनपैकी एक पूर्ण निघाली. सुदैवाने ती आजीचीच. लगोलग तिच्या संगणकावर प्रती केल्या. व्हीएचएसचे भाग्यही पुढे असेच संपले. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले आणि त्याच वर्षी सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेट बंद केल्या. फीत असते, पण ती वाचणारे यंत्र नसते. मोडी लिपीतली कागदपत्रे घरात असूनही वाचणारा नसावा, तसेच हे.

पेटी मिटली आणि मी पुन्हा दुकानात गेलो, या वेळी यादी घेऊन. साठ वर्षांत चार गोष्टी शिकलो होतो.

पहिली, आवाज. कॅमेऱ्याला बाहेरचा माईक जोडायचे छिद्र हवे आणि उतरणारा आवाज तिथल्या तिथे ऐकायला हेडफोनचेही. अंगावरचा माईक आवाज लांबच्या माणसाला घट्ट जवळ आणतो. पदराला लावलेला पाचशे-हजाराचा माईक जे काम करतो ते दूर ठेवलेल्या भारी कॅमेऱ्याच्या आतल्या माईकला साधत नाही. आपोआप आवाज वाढवणारी सोय असेल तर ती बंद करता यावी. नाहीतर बोलणारा श्वास घ्यायला थांबला की यंत्र पंख्याची घरघर उचलून वर आणते.

दुसरी, ठेका. आपल्या विजेला मिळता, सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांचा. फोन किंवा कॅमेरा परदेशातून आणलेला असेल तर हे आधी बदलून घ्यावे.

तिसरी, उजेड. फोर-केच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात, आणि साध्या हाय डेफिनिशनमध्ये पावणेएकवीस लाख. पण अंधाऱ्या खोलीत ठिपके वाढवून चेहरा उजळत नाही. त्यासाठी सेन्सर मोठा हवा, नाहीतर माणसाला खिडकीशी बसवावे. खिडकी फुकट असते.

चौथी, टिकाऊपणा. सर्रास चालणाऱ्या प्रकारात फाइल उतरावी. तिच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि दर पाच-सहा वर्षांनी त्या नव्या साठवणीत हलवाव्यात.

या यादीने निवड सोपी झाली. दुकानातला सर्वांत महाग कॅमेरा बाद झाला, कारण त्याला हेडफोनचे छिद्रच नव्हते. मी मधल्या किमतीचा घेतला, उरलेले पैसे माईक आणि तिवईत घातले. फोनवाल्यांनीही मन खट्टू करू नये. चांगल्या फोनला बाहेरचा माईक जोडला तर घरच्या कामाला तो पुष्कळ झाला.

पौषातल्या एका सकाळी आत्याला खिडकीशी बसवले. पंखा नव्हताच, फ्रिजही बंद केला. हातात काही असले की ती मोकळी बोलते, म्हणून समोर मटाराच्या शेंगा ठेवल्या. तिला आधी आजीची कॅसेट ऐकवली, मग १९६८ चे ते मुके चित्र दाखवले आणि विचारले, “आत्या, आजोबा इथे काय बोलताहेत?”

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “मी तिथंच बसली होती ना. समोरच्या काकांनी विचारलं, तुम्ही नागपूर सोडून काहून गेले? तर बाबा म्हणाले, मला कोणी धाडलं नाही, मीच भोपाळ लिहून दिलं. वाड्यात दोन खोल्या आणि नऊ माणसं. तिकडे सरकारी क्वार्टर मिळणार होतं. पोरींना अभ्यासाला जागा होईल. मराठी काय, घरात बोलूच.”

आम्ही सारे आजवर समजत होतो की आजोबांचे नाव यादीत आले आणि ते नाइलाजाने आले. घरात तीच कथा चालत आली होती. आजीच्या कॅसेटमध्येही तसेच आहे. कोणाचे खरे ते आता ठरवता येणार नाही. पण आत्या त्या क्वार्टरमध्ये अभ्यास करून शिक्षिका झाली, एवढे खरे आहे.

पलीकडे बसलेली माझी नात हेडफोन लावून ऐकत होती. तिने हळूच विचारले, “काहून मतलब क्यों?” आत्याने मान हलवली. ते दोघींचे बोलणेही माईकने टिपले, आणि मी ते काढून टाकलेले नाही.

दिवाळीत आपापल्या घरी माणसे जमतील. कॅमेरा कोणताही असो. पंखा बंद करा, माईक जवळ ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला एकच प्रश्न विचारा. मग मध्ये बोलू नका.